चष्मा नको, कान द्या

प्रिय प्रोजेक्टवाल्यांनो आणि त्यांच्या गाइड सर-मॅडमनो,

संक्रांत आटोपली की आमच्या केंद्रातला फोन वाजायला लागतो. "मॅडम, आम्ही फायनल इयरला आहोत. अंधांसाठी प्रोजेक्ट केलाय. चार-पाच जणांवर टेस्टिंग करायचं होतं. शनिवारी आलो तर चालेल का?" चालेल. नेहमीच चालतं. मी दृष्टिहीनांना काठी घेऊन एकट्यानं हिंडायला शिकवते, आमच्या भाषेत मोबिलिटी. मला स्वतःलाही दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजातला फळा धूसर झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळंच गेलं. तेव्हा हे पत्र शिकवणारीचं आहे, तसंच शिकलेलीचंही.

गेल्या वर्षी चौघं आली होती. खोकं उघडल्याचा आवाज, थर्माकोलची करकर, आणि मग माझ्या हातात एक जड, पट्ट्यापट्ट्यांची वस्तू. "व्हीआर हेडसेट आहे, मॅडम. आभासी जग दाखवतो. डोळ्यांवर लावायचा."

कोणी काही बोलेना. शेवटी मालवणकडचा आमचा एक पोरगा पुढे सरकला. "माका लावा. काय दिसता ता सांगतंय."

चौघंही हसली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. हेडसेटला हेडफोन होते, म्हणून आत निदान आवाज तरी होता. पोरगा पाच मिनिटं तिथल्या रस्त्यावरून फिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, ह्यो गाव खंयचो? हयसर माणूस बघून गाडी थांबता!" रस्त्याचे आवाज कुठून तरी तयार उतरवून घेतलेले. हॉर्न नाही, रिक्षा नाही. फुटपाथ सरळसोट, एकही पेव्हर ब्लॉक उचकटलेला नाही. सिग्नलपाशी शिस्तीत टिकटिक. आमच्यापैकी कोणी असल्या शहरात राहायला गेलाच, तर त्याला माझी गरज पडणार नाही.

थट्टा पुरे. कल्पना बरोबर आहे म्हणूनच एवढं लिहायला बसले. आभासी जागेत आधी फिरून घ्यायचं आणि मग खऱ्या जागी जायचं, हे आम्हाला हवंच आहे. पण कशासाठी हवं आहे ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आम्ही शिकवतो ती वाट. गेटातून बाहेर, उजवीकडे वळा, काठीचं टोक भिंतीच्या कडेला धरून चाला. पिठाच्या गिरणीची घरघर लागेल, तिच्यापुढे काठी जाळीवर खडखडेल. मग भिंत संपते, आवाज पोकळ होतो, डाव्या गालाला वारा लागतो. ही तिसरी गल्ली, इथे थांबा. विद्यार्थी महिनाभर हे करतो. पाढ्यासारखी वाट पाठ होते. आणि मग एका सकाळी गिरणीसमोर पत्रे उभे राहतात, आत खोदकाम. पाढा मधेच तुटला की काय होतं ते शाळेत अनुभवलं असेलच. पुन्हा बे एके बे पासून.

अलेक्झांडर सीगल आणि शेल्डन व्हाइट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली मांडलं होतं की माणूस नवी जागा तीन पायऱ्यांनी शिकतो: आधी खुणा, मग खुणा जोडणारी वाट, आणि सरतेशेवटी सगळ्या वाटा मिळून एक नकाशा, वरून पाहिल्यासारखा. पायऱ्या इतक्या सुट्या असतात का, यावर पुढे बरेच वाद झाले. पण माझ्या तासाला मी हेच बघते. बहुतेक जण दुसऱ्या पायरीवर अडकतात. वाट येते, जागा येत नाही.

जागा येणं म्हणजे काय, हे उंदरांकडून ऐका. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली उंदरांना एका वळणावळणाच्या वाटेनं खाऊपर्यंत जायला शिकवलं. मग ती वाट बंद केली आणि सूर्यकिरणांसारख्या अठरा नव्या वाटा उघडल्या. सगळ्यात जास्त उंदरांनी कुठली धरली? जिकडे खाऊ होता त्या दिशेला नेणारी. ते वळणं घोकत नव्हते, खाऊ कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. पुढे १९४८ च्या लेखात टोलमननं याला मनातला नकाशा म्हटलं. मुंबईत हा प्रयोग बारा महिने चालू असतो. वाट बंद होते, फक्त नव्या अठरा उघडत नाहीत.

असा नकाशा मनात उतरायचा तर माणसाला चुकू द्यावं लागतं. भलत्या गल्लीत शिरावं, तिथून परत फिरावं, दोन वेळा त्याच खांबाला आपटावं. रस्त्यावर मी हे कसं करू देऊ? माझी दिसणारी सहकारी विद्यार्थ्याच्या चार पावलं मागे असते आणि उघडं झाकण आलं की ओरडते. ओरडायलाच हवं. पण तिच्या प्रत्येक ओरडण्याबरोबर त्याची एक चूक हुकते आणि तिच्यातून मिळणारं शिक्षणही हुकतं. तुमच्या आभासी जागेचं खरं मोल इथे आहे, मुलांनो: तिथे फुकट हरवता येतं. आणि तुम्ही काय करता? "दहा पावलं पुढे जा, आता डावीकडे वळा" असं बोलणारी बाई त्यात घालता. ती बाई काढा. पहिली गोष्ट ती.

याला पुरावा आहे. हार्वर्डमधले लोत्फी मेराबेत आणि चिलीतले हायमे सांचेझ यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, कॅरोल सेंटर फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या दुमजली इमारतीचं आवाजी रूप बनवलं. साधा कॉम्प्युटर, कीबोर्ड, हेडफोन. की दाबली की पाऊल, दार आलं की टकटक. काही दृष्टिहीनांना त्यांनी त्यात वाटा नीट, पायरीपायरीनं शिकवल्या. दुसऱ्यांना नुसता खेळ दिला: इमारतीत दडवलेली रत्नं शोधा, बाहेर न्या, राक्षसांपासून लांब राहा. मग सगळ्यांना खऱ्या इमारतीत नेलं. ठरलेल्या खोल्या दोन्ही गटांना सापडल्या. पण मधेच कुठे तरी उभं करून "आता जवळच्या वाटेनं बाहेर पडा" म्हटल्यावर खेळणारे सरस ठरले. २०१२ साली हे छापून आलं. राक्षसापासून पळताना माणूस वाट पाठ करत बसत नाही, जागा शिकतो.

आम्हीही एक गावठी प्रयोग केला. एका विद्यार्थिनीच्या भावाला कोडिंग येत होतं. त्यानं आमच्या केंद्राचे दोन मजले तसेच कीबोर्डवर बसवले. आवाज आमचेच, जागच्या जागी रेकॉर्ड केलेले: लोखंडी जिन्याचा दणदणाट, पाण्याच्या कूलरची घूंघूं, ऑफिसातल्या पंख्याची खडखड. अकरा मोदक दडवले आणि मागे एक मांजर सोडलं. चिपळूणहून नवीन आलेली एक मुलगी होती. पहिल्या आठवड्यात खोलीतून जेवणघरापर्यंतसुद्धा कोणाचा तरी हात धरून जायची. तिनं दोन रात्री जागून मोदक गोळा केले. सोमवारी मुख्य जिन्याला रंग लावत होते, दोरी बांधलेली. ती दोरीला हात लावून दोन क्षण थांबली, वळली, स्वयंपाकघरातून मागच्या जिन्यानं खाली उतरली. मावशी ओरडल्या, "अगं, ही वाट तुला कोणी दाखवली?"

"मांजरानं," ती म्हणाली.

हा काही अभ्यास नव्हे, एकीचीच गोष्ट आहे. पण तो प्रोजेक्ट दोन शनिवार-रविवारात झाला होता आणि त्याला खर्च आला तो चहाचा.

आता तुमच्या डोक्यातलं दुसरं खूळ: चित्र जितकं हुबेहूब तितकं शिक्षण चांगलं. डोळसांच्या बाबतीतही हे खरं नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या रॉय रडल आणि सायमन लेसेल्स यांचं २००६ चं काम वाचा. आभासी खोलीत वस्तू शोधायला लावलं तेव्हा जे खरोखर पायांनी चालले, ते भकास, ओबडधोबड दृश्यातही छान शोधू शकले. जे जागीच होते त्यांना सुंदर दृश्यही फारसं उपयोगी पडलं नाही. शरीर वळलं, पाऊल पडलं की डोकं हिशेब ठेवतं. नुसता अंगठा हलला तर ठेवत नाही. आमच्या मोदकांच्या खेळातही हीच खोट होती: बाणाची की दाबली की नव्वद अंशांत गर्रकन वळायचं. एक जण खेळात तरबेज होता, पण खऱ्या पॅसेजमध्ये 'डावीकडे' म्हणजे किती डावीकडे, हे त्याच्या कमरेला ठाऊक नव्हतं.

उपाय महागडा नाही. ऑफिसातली फिरती खुर्ची घ्या. फोन हेडफोनच्या पट्टीला बांधा, त्यातला जायरोस्कोप डोकं किती वळलं ते सांगतो. खुर्ची फिरली की आतलं जग उलट फिरलं पाहिजे. जायरोस्कोप हळूहळू वाहवत जातो, दहा-पंधरा मिनिटांत समोरचं दार खांद्याकडे सरकतं, म्हणून मधेमधे शून्यावर आणायची सोय ठेवा. होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी टेबलाजवळ ते काहीही बरळतं.

कानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे तुमचे मार्क जातात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका. तेवढ्यावर माणूस दिशा ओळखतो. पण समोरचा आणि बरोब्बर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो; तिथे कानाच्या पाळीची घडण कामाला येते आणि ती प्रत्येकाची निराळी. तयार साच्यातला थ्री-डी आवाज घेतलात की समोरची रिक्षा मागून येते. बाहेर आम्ही काय करतो? मान किंचित हलवतो, आवाज कुठल्या कानाकडे सरकला त्यावरून ओळखतो. खेळातही मान हलली की आवाज सरकला पाहिजे. म्हणून तो फोन बांधायचा.

आणि भिंतींना आवाज द्या! तुम्ही लोक आवाज करणाऱ्या वस्तू तेवढ्या ठेवता: गाडी, कुत्रा, भाजीवाला. आमच्यासाठी गप्प उभी भिंतसुद्धा बोलते. काठीची टकटक तिच्यावरून परत येते. गल्लीचं तोंड आलं की ती परतायची थांबते आणि त्या बाजूला भोक पडल्यासारखं वाटतं. तुमच्या इंजिनात, म्हणजे खेळ बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'खोलीचा घुमारा' अशी एकच सेटिंग असते, सगळीकडे सारखी. ती पुरत नाही. प्रतिध्वनी डावीकडून आला की उजवीकडून, हे कळलं पाहिजे. नाही जमलं तर निदान आमच्यातल्या कोणाच्या तरी कानांजवळ दोन छोटे माइक लावा आणि त्याला खऱ्या गल्लीतून चालवत रेकॉर्ड करा. पावसाळ्यातलं रेकॉर्डिंग वेगळं करा. छत्रीवर ताशा वाजत असताना मी अर्धी बहिरी असते.

काठीचं अनुकरण करणारी यंत्रंही झाली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१८ साली कंबरेच्या पट्ट्याला ब्रेक बसवलेली काठी दाखवली होती. आभासी डब्याला लागली की ती खरोखर अडते. सुरेख गोष्ट. पण तुमच्या बजेटात फायबरची साधी काठी आणि वर्गातली फरशी पुरे.

आता जे कोणीच बनवत नाही ते. आभासी शहरात मला मदत करणारा माणूस हवा आहे. विचारणारा नव्हे, ओढणारा. दंड पकडतो, "चला ताई, सोडतो" म्हणतो आणि रस्त्यापलीकडे नेऊन पोचवतो. मला पलीकडे जायचंच नव्हतं. तो निघून जातो आणि माझ्या मनातला नकाशा नव्वद अंशांत वाकडा. "हात सोडा, मी तुमचा कोपर धरते" हे वाक्य न रागावता, लगेच, मोठ्यानं म्हणता येणं ही मोबिलिटीची अर्धी विद्या आहे. तिचा सराव सुरक्षितपणे कुठे करायचा? खेळात राक्षसाऐवजी हा मनुष्य घाला. त्यानं ओढून नेल्यावर आपण कुठे आलो ते ओळखून दाखवायचं, ही लेव्हल तीन.

गर्दीही घाला. दादरचा पूल संध्याकाळी साडेसहाला चालत ओलांडत नाहीत, तो आपल्याला ओलांडवतो. तिथे काठी उभी, अंगाजवळ धरावी लागते. खुणा बदलतात: पायऱ्या पायाला लागण्याआधी पुढच्यांच्या चालीत कळतात. फलाटावर दिव्यांगांच्या डब्यापाशी बीप वाजते, ती गर्दीत बुडते, गाडी शिरताना नाहीशी होते. ही बीप ज्याला खेळात शंभर वेळा शोधायला मिळेल त्याला खऱ्या फलाटावर ती दोन क्षण लवकर ऐकू येईल. ते दोन क्षण आम्हाला फार असतात. तिथे फोनच्या जीपीएसचं नाव काढू नका. उघड्या आकाशाखालीसुद्धा त्यात पाचेक मीटरचा फरक पडतो, आणि फलाटावर पाच मीटर म्हणजे रूळ. भुयारी मेट्रोत तर आकाशच नाही: आरे ते कफ परेडच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. अशा जागा आधी घरी खेळून ठेवण्यासारख्याच आहेत.

आणि इथे गाइड सर-मॅडमशी थोडं बोलायचं आहे.

आमच्या कपाटात एक ड्रॉवर आहे. त्यात तेवीस पेनड्राइव्ह आहेत. प्रत्येकावर एकेक प्रोजेक्ट, प्रत्येक प्रोजेक्टवर एकेक सर्टिफिकेट. मे महिन्यात व्हायवा झाला की प्रोजेक्ट मरतो आणि पुढच्या जूनला नवी बॅच शून्यापासून नवं शहर बांधायला घेते. दरम्यान खरं शहर जागेवर थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचा १ नंबर ८ झाला, पुढचे १४ पर्यंत गेले. प्रवाशांच्या दृष्टीनं सोयीचंच झालं. दोन दोन एक नंबर नकोतच. पण त्यानंतर आलेल्या एका प्रोजेक्टमध्ये जुनेच नंबर होते. आमचा एक नवशिका त्यावर तीन दिवस घासून तयार झाला, आणि स्टेशनवर उद्घोषणा ऐकून गोंधळून उभा राहिला. नकाशा नसणाऱ्याला आपण चाचपडतोय हे माहीत असतं. चुकीचा नकाशा असणारा आत्मविश्वासानं चालतो. दुसरं जास्त घातक.

तेव्हा दरवर्षी नवी कल्पना मागू नका. एक इमारत किंवा एक स्टेशन घ्या आणि पाच वर्षं तेच करा. एका बॅचनं बांधायचं, पुढचीनं दुरुस्त करायचं, तिच्या पुढचीनं जाऊन काय बदललं ते मोजून यायचं. दुरुस्तीला मार्क द्या. नवेपणाच्या रकान्यात शून्य पडलं तर पडू दे. कोड आणि रेकॉर्डिंग सगळ्यांना खुलं ठेवा, म्हणजे नाशिकच्या पोरांना तोच सांगाडा घेऊन नाशिकचं सीबीएस बसस्थानक बसवता येईल.

टेस्टिंगबद्दलही बोलते, कारण तुमचे ते फॉर्म मीच वाचून घेऊन भरते. "ॲप आवडलं का? एक ते पाच." आमची मुलं गावाकडची, संस्कारी. घरी आलेल्या पाहुण्याला कोणी दोन मार्क देतं का? सगळे पाच देतात आणि तुमच्या रिपोर्टात शंभर टक्के समाधानाचा आलेख येतो. फॉर्म फाडा. विद्यार्थ्याला खऱ्या जागी न्या आणि विचारा, "इथून जिना कुठल्या दिशेला आहे? बोट दाखव." बोट किती चुकलं ते मोजा. मग नेहमीची वाट बंद करा. आठवड्यानं पुन्हा या आणि पुन्हा विचारा. ज्यांनी तुमचा खेळ खेळला नाही, फक्त उठावाचा नकाशा बोटांनी वाचला, अशा दोन-चार जणांनाही तेच विचारा; कारण तो नकाशा फार स्वस्त पडतो. वॉलर, हंट आणि नॅप या संशोधकांनी १९९८ मध्ये असंच ताडून पाहिलं होतं: आभासी जागेत थोडा वेळ फिरवलं तर नुसत्या नकाशापेक्षा जास्त फायदा झाला नाही; भरपूर वेळ दिला तेव्हा ते खऱ्या जागी शिकण्याच्याही पुढे गेलं. म्हणजे दहा मिनिटांच्या डेमोवरून काहीच सिद्ध होत नाही, ना तुमच्या बाजूनं, ना विरुद्ध. हेडफोन इथे ठेवून जा. पंधरा दिवसांनी या.

आणि हो, डोळ्यांना पट्टी बांधून "आम्ही पण अंधत्व अनुभवलं" असं करू नका. पट्टी बांधल्यावर तुम्हाला जे कळतं ते पहिल्या दिवशीचं भांबावलेपण. आमचा तो दिवस कधीच मागे पडला. त्यापेक्षा मोबिलिटीच्या तासाला शेजारी चाला आणि गप्प राहा.

या वर्षी यायचं असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी तीननंतर या. हेडसेट घरी ठेवा, दोन छोटे माइक आणा, आणि तुमच्यातला एक जण साडेसहाला दादरच्या पुलावर आमच्याबरोबर उभा राहायला तयार ठेवा. फिरती खुर्ची आमच्याकडे आहे, एक चाक करकरतं, चालेल.

सध्या आमच्या गल्लीत डाव्या हाताचा फुटपाथ खणलेला आहे. उजवीकडून या.

तुमची,
मोबिलिटीच्या तासाच्या मॅडम